खिशातला हात

“एक हात खिशात घाल. आधी खिशात, मग धातूला शिवायचं.”

हे माझ्या आबांचं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नुकती शाळेत जाऊ लागले होते आणि माझ्या फ्रॉकला खिसाच नव्हता. मी हात कुठे घालू म्हणून इकडेतिकडे बघत राहिले. त्या संध्याकाळी आबा घरी आल्या आल्या आईला म्हणाले, “हिच्या सगळ्या फ्रॉकांना खिसे लाव.”

“लग्नाकार्यात घालायच्या फ्रॉकलासुद्धा?” आईने विचारलं.

“वीज काय कार्य बघून येते?”

आईने कपाळाला हात लावला आणि शिवणाचं यंत्र पुढे ओढलं. माझ्या मैत्रिणींच्या फ्रॉकांना झालरी असायच्या, माझ्या फ्रॉकांना खिसे. उरलेल्या कापडाचे असल्यामुळे ते बहुतेक वेळा वेगळ्याच रंगाचे असायचे.

आबा मोठ्या दवाखान्यात वायरमन होते. सुट्टीच्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि मग तिथेच रेंगाळायची. दोन्ही हात एकाच वेळी धातूला लागले, तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून आडवी जाऊन दुसऱ्या हाताने बाहेर पडते, असं ते मला समजावून सांगायचे. “आणि छातीत काय असतं?” “काळीज,” मी म्हणायची. “मग? घाल हात खिशात.” स्वतः आबा नेहमी डावा हात खिशात घालून उजव्याच्या पालथ्या बाजूने आधी हलकेच शिवून बघायचे. घरातली कढईसुद्धा ते तशीच शिवायचे. आई म्हणायची, “यांच्या डाव्या हाताला पगार कशाचा मिळतो, कोण जाणे.”

दवाखान्यातला लांब वॉर्ड आबांनी वायर ओढण्यापासून स्वतः केला होता. तेव्हा तो बायकांचा वॉर्ड होता, आता हाडांच्या रोग्यांचा आहे. त्याचं काम चालू असताना आबांनी एक प्रकार केला. रिकाम्या पलंगावर ते उताणे झोपले, हात जमेल तितके पसरले, मग कुशीवर वळून पुन्हा पसरले, आणि बोटं जिथे जिथे टेकली तिथे भिंतीवर खडूने खुणा केल्या. एका पलंगावर नाही, ओळीने सगळ्या पलंगांवर. वॉर्डातल्या सिस्टर तोंडावर पदर धरून हसत होत्या. “अर्थिंगबुवा झोपले गं,” एक म्हणाली. ते नाव त्यांना कायमचं चिकटलं. आबांना त्याचा राग नव्हता. बुवा म्हटल्यावर प्रवचन करायला मोकळीक मिळते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं प्रवचन एवढंच असायचं. वीज कधी ना कधी वाट चुकते. चुकली की तिला जमिनीत जायची सोपी वाट आपण आधीच करून ठेवायची, म्हणजे ती माणसाच्या अंगातून जाणार नाही. ती वाट म्हणजे अर्थिंग. छताच्या उंच दिव्यांना एक वाट पुरते, कारण तिथे रोग्याचा हात पोचत नाही. पण उशाशी जो दिवा असतो, त्याला रोगी चाचपडत हात लावतो, घामेजला हात, ओला हात. तिथे दोन वाटा हव्यात. एक बुजली, तर दुसरी उघडी राहिली पाहिजे.

दुसऱ्या वाटेसाठी आबांनी वॉर्डामागे, शेवटच्या खिडकीखाली, एक खड्डा घेतला. त्यात तांब्याची पाटी पुरली, वर मीठ आणि कोळसा थरावर थर घातला. उशाच्या दिव्यांची अर्थिंगची हिरवी तार खिडकीखालच्या भोकातून बाहेर काढून भिंतीवरून खाली थेट या खड्ड्यात आणली. बाकी इमारतीचं अर्थिंग वेगळं होतं, समोरच्या बाजूला. “तिथे स्वयंपाकघराचा बॉयलर आहे, धुण्याची यंत्रं आहेत, लिफ्ट आहे,” आबा म्हणायचे. “सगळ्यांची घाण त्या वाटेनं जाते. पिण्याचं पाणी आपण वेगळं ठेवतो ना? तसं हे रोग्यांचं वेगळं.”

खड्ड्यातली माती ओली राहिली तरच वीज तिच्यात मुरते, म्हणून त्याला रोज पाणी लागायचं. मी डबा घेऊन गेले की कळशी माझ्या हातात यायची. “झाड तहानलं तर मान टाकतं, कुणालाही दिसतं. हा तहानला तर कुणाला दिसत नाही. म्हणून याला चुकवायचं नाही.”

आबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी हत्यारं पुढच्या वायरमनच्या हवाली केली आणि खड्डा माझ्या. मी हो म्हटलं.

माझे नेम फार नाहीत. सकाळी प्रार्थना होईपर्यंत बोलायचं नाही. जाणूनबुजून खोटं बोलायचं नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा. आणि या तिन्हींच्या जोडीला हा चौथा, कळशीभर पाण्याचा. आमचं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत. मागच्या फाटकावरचे वॉचमन बदलत गेले, पण प्रत्येक जण जाताना पुढच्याला सांगून जायचा, की एक बाई कळशी घेऊन येते, तिला सोडायचं. का, ते बहुतेक त्यांनाही ठाऊक नसायचं. एकाला वाटायचं, माझं तिथे कुणी पुरलेलं आहे. तो मला बघून टोपी काढायचा. मला सांगायचं धैर्य झालं नाही.

यंदा लांब वॉर्डाचं सगळं वायरिंग नव्याने करायला घेतलं. मागच्या आवाराला पत्रे लागले आणि वॉचमन म्हणाला, “ताई, आत कुणालाच सोडायचं नाही, साहेबांचा हुकूम आहे.” मी पत्र्याच्या बाहेरच, खड्ड्याच्या शक्य तितकं जवळ, पाणी ओतू लागले. जमीन तर एकच आहे, असं मनाशी म्हणायची. घरी आबा विचारायचे, “घातलंस पाणी?” “ओतलं, आबा.” ते खोटं नव्हतं. पण त्या दिवसांत प्रार्थनेला बसले की तो ‘ओतलं’ शब्द मध्येच आठवायचा.

पत्रे निघण्याच्या सुमारास आबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि नव्याने उघडलेल्या लांब वॉर्डात त्यांना आणलं. देवाची करणी बघा, पलंग मिळाला तो शेवटच्या खिडकीजवळचा.

आई शेवटच्या आजारात त्याच कोपऱ्यात होती.

पलंग नवे आले होते, भिंतींचा रंग बदलला होता, उशाचे दिवेही नवे, वळवता येणाऱ्या मानेचे. आबांनी दिव्याकडे पाहिलं, त्याच्या शेजारच्या स्विचच्या स्टीलच्या पट्टीकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, “हा लावू नकोस.” संध्याकाळ झाली, ओळीने सगळ्या उशांशी उजेड झाला, फक्त आमचा कोपरा काळोखात. सिस्टर दिवा लावायला आली, तर आबांनी तिचा हात धरला. “काकांना डोळ्यांवर उजेड नको वाटतं,” ती म्हणाली. दिवा न लावताच ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले, तर सिस्टर पलंगाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. आबा कोपरांवर अर्धे उठलेले, कपाळावर घाम, आणि हातात औषध घ्यायचा चमचा. चमच्याच्या दांड्याने त्यांनी दिव्याचा एक स्क्रू काढलाही होता. तो त्यांच्या तोंडात होता, दातांत धरलेला, जसा ते शिडीवर असताना धरायचे.

“आजोबा, तो स्क्रू आधी बाहेर,” सिस्टर म्हणाली. “गिळलात तर तुम्हाला पोटाच्या वॉर्डात पाठवावं लागेल.”

आबांनी स्क्रू तळहातावर ठेवला. “हिरवी तार बघत होतो.”

“मोडलाय पाय, आणि उचल खाताहेत हात.” मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. “ताई, थट्टा नाही. आता खुबा निखळला, तर या वयात पुन्हा ऑपरेशन झेपायचं नाही. पुन्हा उठले तर कठडे लावून हात बांधून ठेवायला सांगतील डॉक्टर. मला तसं करायला लावू नका.”

ती गेल्यावर मी आबांचं कपाळ पुसलं. ते म्हणाले, “तू बघ. खिडकीखाली भोक आहे. त्यातून माझी तार बाहेर जाते का, एवढं सांग. मग मी हलत नाही.”

मी पडदा सारून वाकून पाहिलं. भिंत गुळगुळीत होती. जिथे भोक होतं, तिथे नवं प्लास्टर आणि त्यावर रंग.

“काय दिसलं?”

हो म्हणून टाकलं असतं तर आबा शांत झोपले असते. त्या क्षणी मला माझा नेम जड झाला, हे मी कबूल करते.

“भोक बुजवलंय, आबा.”

त्यांनी ओळीतल्या पलंगांवरून नजर फिरवली. “मग ही माणसं कुणाच्या भरवशावर झोपलीयत?” असं अगदी हळू म्हणाले. मला ठाऊक होतं, आता ते झोपणार नाहीत, आणि माझी पाठ वळली की पुन्हा चमचा हातात घेतील.

“आबा, मी विचारून येते. जे असेल ते तुम्हाला खरं सांगेन. चांगलं असो की वाईट. पण मी येईपर्यंत तुम्ही उठायचं नाही.”

“वाईट असलं तरी सांगशील?”

“सांगेन.”

त्यांनी चमचा माझ्या हातात दिला.

कामाची देखरेख करणारी इंजिनिअरबाई तळमजल्यावर, विजेच्या खोलीत होती. माझ्या भाचीच्या वयाची, केसांत पेन्सिल खोचलेली. मी खिडकीखालच्या तारेचं विचारलं, तशी ती खुर्चीवरून उठलीच.

“तो खड्डा? मावशी, तुम्हाला ठाऊक आहे तो? कुणी केला होता?”

“माझ्या वडिलांनी.”

तिने पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभीच राहिली.

“बाई, मला गोड करून सांगू नका,” मी म्हणाले. “मला जसंच्या तसं पोचवायचंय.”

तिने जसंच्या तसं सांगितलं. उशाच्या दिव्यांना दोन वाटा हव्यात, हे आबांचं अगदी बरोबर. आजचा नियमही तेच सांगतो. तारा ज्यातून नेतात तो लोखंडी पाइप ही एक वाट, पाइपातली हिरवी तार ही दुसरी. पण दोन्ही वाटा शेवटी एकाच तांब्याच्या पट्टीवर यायला हव्यात. आबांनी दिवे लाकडी पाटीवर बसवून पाइपापासून तोडले होते आणि त्यांची तार आपल्या खड्ड्यात नेली होती, म्हणजे दुसरी वाट करताना पहिली तुटली होती. शेजारची स्विचची पट्टी मात्र पाइपातून इमारतीच्या अर्थिंगला. म्हणजे उशाशी वीतभर अंतरावर दोन धातू, आणि दोघांची जमीन वेगळी.

“जमीन तर एकच असते ना?” माझ्या तोंडून गेलं.

“आपण तसं म्हणतो. वीज मानत नाही. समोर बॉयलर, धुण्याची यंत्रं चालू झाली की तिकडच्या अर्थिंगवर थोडा विजेचा दाब चढतो, इकडे चढत नाही. एका हाताने काहीच कळायचं नाही. पण एक हात दिव्याला आणि दुसरा स्विचला लागला, की मधल्या माणसाला मुंग्या.”

आई म्हणायची. त्याच कोपऱ्यात, उशीवर डोकं ठेवून आई म्हणायची, “अहो, दिवा लावायला गेलं की हाताला मुंग्या येतात.” आबा धावत आले होते. डावा हात खिशात घातला होता, उजव्याच्या पालथ्या बाजूने दिवा शिवून बघितला होता, मग त्याच हाताने स्विच. काही नाही. पुन्हा दिवा, पुन्हा स्विच. “भास आहे गं. ताप आहे ना अंगात.” “असेल,” आई म्हणाली होती. त्यानंतर संध्याकाळी दिवा लावायला ती मला सांगायची. मी एक हात खिशात घालून लावायची. मलाही कधी काही झालं नाही.

“कुणाला काही इजा झाली असेल का?” मी विचारलं.

“नसावी. त्या काळी इथे रोग्यांच्या अंगाला जोडायची यंत्रं नव्हती, आणि दाबही फार नसायचा. पण आता छातीत नळ्या घातलेला माणूस असला तर मुंग्यांवर भागत नाही. ठेवून चालणार नव्हतं.” मग ती जरा थांबून म्हणाली, “त्यांना सांगा, ही काळजीवाल्या माणसाची चूक आहे. आळशी माणूस दुसरा खड्डा खणेल कशाला?”

“आणि खड्डा? बुजवला?”

“इतका जिवंत खड्डा बुजवते होय मी? मोजला तर नव्यासारखा. पट्टी टाकून बाकीच्या सगळ्यांना जोडून घेतला. आता सगळ्यांची जमीन एक. प्रत्येक पलंगाशी मोजलं, फरक शून्य. नव्या खड्ड्यांना पाणी लागत नाही, याला लागेल, पण ते घालणार कोण, हाच प्रश्न आहे. गंमत म्हणजे काम चालू असताना पत्र्याबाहेर रोज ओल दिसायची. पाइप गळतोय म्हणून प्लंबरला मी दोनदा झापलं.”

“पाइप नाही गळत, बाई,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग पेन्सिलीसकट डोक्याला हात लावून हसली.

मी जिना सावकाश चढले. आई आता कुठल्याच कोपऱ्यात नव्हती, आणि तिच्या मुंग्यांचं आबांना सांगून काय मिळणार होतं? ते न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी प्रत्येक पायरीवर स्वतःला म्हणत होते. बाकीचं मात्र सांगायचंच होतं.

आबा कबूल केल्याप्रमाणे उताणे पडून होते. मी स्टूल जवळ ओढलं आणि सांगितलं. लाकडी पाटी, वेगळी जमीन, पाइप, हिरवी तार, एकच पट्टी. काही गाळलं नाही आणि काही मऊ केलं नाही. ते छताकडे बघत ऐकत होते. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, तिचं एक चाक किरकिरत होतं.

“एक हात दिव्याला आणि एक स्विचला,” शेवटी ते म्हणाले.

“हो.”

“तुझी आई म्हणायची.”

जिन्यावर जे न सांगायचं ठरवलं होतं, ते त्यांनीच काढलं.

“मी हजारदा शिवलो असेन त्या दिव्यांना. प्रत्येक वेळी एक हात खिशात.” त्यांनी चादरीवरचे आपले दोन्ही हात पाहिले. मग अंगातल्या दवाखान्याच्या झग्यावर कमरेशी चाचपून बघितलं, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. “याला खिसाच नाही की गं.”

“रोग्यांच्या झग्यांना नसतो, आबा.”

“नसतोच. मी झोपून बघितलं सगळ्या पलंगांवर, हात कुठवर पोचतो ते. पण झोपलो होतो वायरमनच्या कपड्यांत.” त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, आणि तोंडावर मात्र कढईला पालथा हात लावणाऱ्या माणसाचं ते ओशाळं हसू आलं होतं. “तिला म्हटलं, ताप आहे. तिनं वाद घातला नाही. घालायला हवा होता.”

“आईने कधी वाद घातला?”

“फ्रॉकच्या खिशांवरून घातला ना.”

आम्ही दोघंही हसलो. ओळीतले दिवे एकेक करून लागू लागले होते.

“बाईंनी मोजून बघितलंय म्हणतेस?”

“प्रत्येक पलंगाशी. फरक शून्य. तरी आधी मी लावून बघते.” मी उठले.

“बस तू. इथला रोगी मी आहे.”

उठायची गरज नव्हती, झोपल्या झोपल्या हात पोचत होता. त्यांनी चादरीखालून डावा हात बाहेर काढला. जन्मभर कधी कामाला न लागलेला तो हात. सवयीने आधी उजव्याची पालथी बाजू दिव्याला लावली. मग ती उलटवून दिव्याची मान सगळ्या बोटांनी धरली, आणि डावा पंजा स्विचच्या पट्टीवर ठेवला. माझ्या ओठांवर देवाचं नाव आलं. आबा डोळे मिटून पडून राहिले, दोन्ही हात तसेच ठेवून, जणू दूरचं काही ऐकताहेत. खूप वेळ ते तसेच होते. मला वाटलं, आता ते सोडतील, पण सोडत नव्हते.

“नाहीत,” ते म्हणाले. “मुंग्या नाहीत.”

आणि अंगठ्याने त्यांनी खटका दाबला. आमच्या कोपऱ्यात उजेड झाला. पलीकडून सिस्टरने मान वर करून बघितलं आणि पुन्हा आपल्या कामात मान घातली.

मी त्यांची चादर नीट केली. काढलेला स्क्रू अजून त्यांच्या उशाशी होता, तो मी त्यांना विचारून बसवून टाकला, चमच्यानेच. “घट्ट पिळू नकोस,” ते म्हणाले, “आटा जाईल.” मग डोळे मिटले. झोप लागली असं वाटून मी पिशवी उचलली, तर मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, “खड्डा जोडला म्हणालीस ना त्यांनी?”

“जोडला.”

“मग आता सगळ्या दवाखान्याचा झाला तो.”

“हो आबा.”

“आज पाणी?”

“राहिलंय.”

“जा मग. अंधार पडायच्या आत.”

मी मागच्या जिन्याने खाली उतरले. धुण्याच्या खोलीशेजारी नळ आहे, तिथल्या बाईकडून बादली मागून घेतली आणि भरली. पत्रे निघालेले होते. शेवटच्या खिडकीतून उजेडाचा एक चौकोन बाहेर जमिनीवर पडला होता, आणि बादली हिंदकळू नये म्हणून मी सावकाश तिकडे चालू लागले.